परदेशात सेवेला गेलेल्यांना घरून खरा आधार कशाचा वाटतो?

सांजदिवा (धागाकर्ती)

सर्वांना जय ख्रिस्त.

आमच्या मंडळीनं एका जोडप्याला, त्यांच्या दोन लहान मुलांसह, परदेशी सेवेला पाठवलं. त्याला आता चौदा महिने झाले. त्यांच्याशी पत्रव्यवहार ठेवण्याचं काम माझ्याकडे आहे. सुरुवातीला त्यांची पत्रं पानपानभर यायची. आता महिन्याला सात-आठ ओळी येतात: सगळे बरे आहोत, भाषा शिकतो आहोत, प्रार्थना करा. फोनवरही तेच. मागच्या वेळी बोलताना ताई (मी तिला ताईच म्हणते) मध्येच गप्प झाली आणि मग म्हणाली, "तुमच्याकडचं सांग ना काहीतरी." मी "इकडे सगळं ठीक" एवढंच म्हटलं. फोन ठेवल्यावर ते मनाला लागून राहिलं.

पैसे वेळेवर जातात. दर रविवारी उपासनेत नाव घेऊन प्रार्थना होते. तरी आमचं काहीतरी कमी पडतंय असं वाटतं, आणि काय ते कळत नाही. इथे स्वतः सेवेत असलेले, परत आलेले, किंवा ज्यांची मुलं-भावंडं बाहेर आहेत असे बरेच जण आहेत. तिथला तुमचा दिवस नेमका कसा जातो? घरून आलेल्या कुठल्या गोष्टीनं बळ आलं, कशानं त्रास झाला? मोकळेपणानं लिहा.

दूरगावची

सांजदिवा, त्या सात-आठ ओळींमागे काय असतं ते मी सांगू शकते, कारण तशा ओळी मीही दोन वर्षं लिहिल्या आहेत. माझं इथलं हे सहावं वर्ष.

पहिल्या दोन वर्षांत माझा निम्मा दिवस नुसतं जगण्यातच जायचा. सकाळी पाणी येतं तेवढ्यात भरून ठेवायचं, वीज आहे तोवर कामं उरकायची, मग चार तास भाषेचा वर्ग. निवासाच्या परवान्यासाठी एकाच खिडकीपुढे तीन वेळा उभी राहिले, कारण दर वेळी एक शिक्का कमी निघायचा. एकदा मुलाला ताप आला आणि रात्रभर खोकत होता. औषध आणायला गेले तर खोकल्याला काय म्हणतात तेच आठवेना. शेवटी दुकानदारासमोर खोकून दाखवलं. घरी असताना मी तरुण संघापुढे तासभर बोलायचे, आणि इथे पाच वर्षांच्या पोराला कळतं तेवढंही मला बोलता येत नव्हतं. त्या दिवशी औषध घेऊन घरी आले आणि दार लावून रडले.

अशा दिवसानंतर रात्री पत्र लिहायला बसलं की वाटायचं, यातलं काय लिहू? पाणी भरलं हे लिहू? शिक्का मिळाला नाही हे लिहू? लोकांनी आपल्याला याच्यासाठी पाठवलं का? लाज वाटायची. मग लिहायचे, "सगळे बरे आहोत."

कॅलेर्वो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं १९५४ साली एका भाषणात 'कल्चर शॉक'बद्दल सांगितलं होतं. त्याचं म्हणणं असं की, ओळखीच्या लहान लहान खुणा हरवल्या की माणसाची घालमेल होते. हात कधी पुढे करायचा, हसायचं कधी, 'नाही' कसं म्हणायचं, असल्या गोष्टी. हे मी तिसऱ्या वर्षी वाचलं. पहिल्याच वर्षी कुणी सांगितलं असतं तर स्वतःला इतका दोष दिला नसता.

आता बळ कशानं आलं ते. आमच्या मंडळीतल्या एक काकू दर पंधरा दिवसांनी लिहितात. पत्राच्या डोक्यावर नेहमी एकच ओळ असते: "उत्तराची घाई नको." आणि मग साध्या साध्या गोष्टी. गायकवृंदात नवीन चाल बसवली, वरचा सूर कुणालाच लागत नाही. सभागृहाचं छप्पर पुन्हा गळलं. माझा गुडघा आता बरा आहे. हे मी दोनदोनदा वाचायचे. आणि शेवटी एक बारीकसा प्रश्न असायचा: "त्या शिक्क्याचं काय झालं गं?" मी कधीतरी अर्ध्या ओळीत लिहिलेला शिक्का त्यांच्या लक्षात होता! त्या प्रश्नाला मी चार पानं उत्तर लिहिलं.

तुमच्या ताईनं "तुमच्याकडचं सांग" म्हटलं ना, ते अगदी शब्दशः घ्या.

जुनापाळक

फार गरजेचा धागा. दूरगावची ताई, तुमचं लिहिणं वाचून डोळे भरून आले.

पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा चौथा अध्याय उघडून पाहा. मरण समोर दिसत असताना हा माणूस काय मागतो? त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा घेऊन ये. पुस्तकं आण, विशेषतः चर्मपत्रं. आणि हिवाळ्याच्या आत ये. एवढ्या मोठ्या प्रेषिताला थंडी वाजत होती आणि ते लिहायला त्याला संकोच वाटला नाही. मी पाळक असताना आमच्या सेवकांना हा भाग मुद्दाम वाचून दाखवायचो आणि सांगायचो, तुमचा झगा कुठला ते आम्हाला लिहा.

दुसरी गोष्ट विल्यम कॅरी या इंग्रज मिशनऱ्याची. १७९३ साली तो बंगालमध्ये पोहोचला, तेव्हा घरचं पहिलं पत्र हाती पडायला वर्षाहून जास्त काळ गेला. इंग्लंडमध्ये राहिलेल्या त्याच्या मित्रांनी या कामाला खाणीची उपमा दिली होती: एकानं खोल खाली उतरायचं आणि बाकीच्यांनी वर दोरी धरायची. ती दोरी अँड्र्यू फुलरनं खरोखर धरली. १७९२ साली कॅरीला पाठवणारी संस्था स्थापन झाली तेव्हापासून १८१५ साली मरेपर्यंत तो तिचा चिटणीस होता. स्वतःची मंडळी सांभाळून निधीसाठी स्कॉटलंडच्या पाच फेऱ्या केल्या. १८१२च्या मार्चमध्ये कलकत्त्याजवळच्या सेरामपूरचा त्यांचा छापखाना जळाला. तोच छापखाना, जिथे १८०५ साली कॅरीचं मराठीचं व्याकरण छापलं गेलं. आगीची बातमी इंग्लंडला पोहोचल्यावर सुमारे दोन महिन्यांत नुकसान भरून निघेल एवढी रक्कम उभी राहिली. वीस वर्षं पत्रं जात-येत राहिली होती, म्हणून लोकांना ती आग आपल्याच घराला लागल्यासारखी वाटली.

कोरा_कागद

पाळकसाहेब, आदर राखून एक गोष्ट जोडते. कॅरीची दोरी धरली गेली, पण त्याच्या बायकोची, डोरोथीची, कुणी धरली?

तिला जायचंच नव्हतं. धाकटी बहीण किटी सोबत येणार असेल तर येते, असं म्हणून ती निघाली. घरची भाषा बोलणारं, आपलं म्हणावं असं तिथे तिच्यासाठी ते एकच माणूस होतं. पुढे १७९४ साली कॅरीला मदनावतीच्या निळीच्या कारखान्यात काम मिळालं आणि कुटुंब तिकडे गेलं. किटी मागे राहिली, तिचं तिथेच लग्न ठरलं. त्याच वर्षी डोरोथीचा पाच वर्षांचा पीटर आजारानं गेला. त्यानंतर तिचं मन जे ढासळलं ते १८०७ साली ती मरेपर्यंत सावरलं नाही.

मी स्वतः सेवकाची पत्नी म्हणून नऊ वर्षं बाहेर होते. मंडळीची पत्रं नवऱ्याच्या नावानं यायची. "सेवा कशी चाललीय?" हा प्रश्न त्याला असायचा. मला कुणी विचारलंच तर मुलांबद्दल. सांजदिवा, त्या ताईला तिच्या एकटीच्या नावानं पत्र लिही. त्यात सेवेचं काहीही विचारू नकोस. झोप लागते का, तिथे एखादी मैत्रीण झाली का, एवढं विचार.

दूरगावची

कोरा_कागद ताई, शंभर टक्के सहमत. मला मैत्रीण मिळायला अडीच वर्षं लागली.

हिशेबनीस

मी आमच्या मंडळीच्या मिशन समितीचा खजिनदार आहे, म्हणून दुसऱ्या बाजूनंही लिहितो. कुणाला कठोर वाटलं तर माफ करा.

देणारे लोक श्रीमंत नसतात. कुणी पेन्शनमधून देतं, कुणी पहिल्या पगारातून. वर्षाच्या शेवटी ते मला विचारतात, किती लोक विश्वासात आले? किती सभा झाल्या? यात गैर काय? नुसतं "भाषा शिकतो आहोत" हे सलग दोन वर्षं वाचलं की लोकांचा उत्साह ओसरतो आणि मग देणगीही कमी होते. पत्रात काहीतरी फळ दिसायला हवं असं मला वाटतं.

जुनापाळक

हिशेबनीस, तुमची तळमळ खरी आहे. फक्त काही वर्षं मोजून पाहू. कॅरी १७९३ साली आला, आणि कृष्ण पाल या पहिल्या बंगाली विश्वासणाऱ्याचा बाप्तिस्मा झाला १८००च्या डिसेंबरात. सात वर्षं. अडोनिराम जडसन १८१३ साली ब्रह्मदेशात पोहोचला, पहिला बाप्तिस्मा १८१९ साली. सहा वर्षं. रॉबर्ट मॉरिसन १८०७ साली चीनमध्ये गेला, पहिला बाप्तिस्मा १८१४. पुन्हा सात. यांच्या समितीनं दुसऱ्या वर्षी आकडा मागून हात आखडता घेतला असता तर?

दूरगावची

हिशेबनीस दादा, मी तुमच्यावर रागावले नाही. पण आकडा मागितला की काय होतं ते सांगते. माणूस आकडा शोधायला लागतो. एका वर्षी मी एका शेजारणीबद्दल पत्रात फार आशेनं लिहिलं. नंतर तिनं आमच्याकडे येणं बंद केलं. पुढची चार पत्रं मी तिचा उल्लेख टाळत राहिले, आणि घरचे विचारत राहिले, "तिचं काय झालं?" मला वाटायला लागलं की तिच्या दूर जाण्याचा हिशेब मलाच द्यायचाय. तिच्याशी मैत्रीण म्हणून वागायचं मी विसरलेच होते.

पैशांबद्दल तुम्हीच लिहा ना. ते आमच्यापैकी कुणी उघड बोलत नाही.

हिशेबनीस

ताई, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. यावर विचार करतो.

पैशांचं सांगतो. एकदाच आलेल्या मोठ्या देणगीपेक्षा दरमहा ठरलेली लहान रक्कम जास्त उपयोगी पडते, कारण तिच्यावर घरभाडं ठरवता येतं. विनिमयाचा दर खाली आला की इथून तेवढेच पैसे पाठवूनही तिथे कमी मिळतात. म्हणून आम्ही वर्षातून दोनदा त्यांना विचारतो, की हातात नेमकं किती पडतं. व्हिसाचं नूतनीकरण, आरोग्य विमा, मुलांची शाळा हे खर्च सुरुवातीच्या अंदाजात बऱ्याचदा कमी धरलेले असतात. आणि एक रक्कम बाजूला ठेवलेली हवीच: घरी कुणी अत्यवस्थ झालं तर त्याच दिवशी तिकीट काढता यावं म्हणून. ज्याला देणं थांबवायचं असेल त्यानं तीन महिने आधी कळवावं, अशी विनंती आम्ही सुरुवातीलाच करतो. न कळवता थांबलेली रक्कम त्यांना त्या महिन्याच्या पाच तारखेला कळते, आणि आपण कुणाला दुखावलं का, याचा विचार ते महिनाभर करत बसतात.

मायेची_सावली

मी एका मिशनऱ्याची आई. मुलाला जाऊन अकरा वर्षं झाली. मी कधी इथे लिहीत नाही, आज लिहावंसं वाटलं.

त्याच्या वडिलांची हृदयाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा आम्ही त्याला कळवलं नाही. तो तिथे काय करणार, उगाच त्याचा जीव टांगणीला लागेल, असं वाटलं. मंडळीत प्रार्थनेची विनंती केली आणि त्यातल्याच कुणीतरी चांगल्या मनानं त्याला निरोप पाठवला, "बाबांसाठी प्रार्थना करतो आहोत." त्याला ते असं कळलं. फोन आला तेव्हा बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "आई, मी आधीच लांब आहे. तू आणखी लांब करू नकोस."

त्यानंतर मी काही लपवलं नाही. त्यानंही लपवलं नाही. पुढे त्याला मलेरिया झाला, तेव्हा त्यानं त्याच दिवशी सांगितलं. रात्र मी खुर्चीत बसून काढली, पण कळलेलं दुःख न कळलेल्या दुःखापेक्षा सोसवतं.

नातवंडांना मी फोनच्या पडद्यावर वाढताना पाहिलं. धाकटीला पहिल्यांदा कडेवर घेतलं तेव्हा ती तीन वर्षांची होती आणि माझ्याकडे येईना. आठवड्याभरानं आपणहून मांडीवर येऊन बसली. माझा आवाज ओळखीचा होता ना तिला. मी रोज रात्री एक गोष्ट मोबाइलवर बोलून पाठवायचे. अजून पाठवते. भेट व्हायच्या आधी आवाज पोहोचलेला असला की बरं असतं.

आणि एक सांगते बाळांनो. मंडळीतले लोक मला विचारतात, "मुलगा कसा आहे?" फार बरं वाटतं. पण ख्रिस्तजयंतीच्या उपासनेनंतर सगळे आपापल्या माणसांबरोबर घरी जातात, तेव्हा पाठवणाऱ्या आईवडिलांजवळही कुणीतरी थांबावं.

सांजदिवा

मावशी, ताईची आई आमच्याच मंडळीत आहे. चौदा महिन्यांत मी एकदाही तिच्या घरी गेलेले नाही. उद्या जाते.

अठरा_महिने

मी लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) मंडळीतर्फे सेवेला गेले होते. आमच्यात मुली अठरा महिने आणि मुलगे दोन वर्षं जातात. सकाळी साडेसहाला उठायचं, दिवसभर जोडीदारीणीबरोबरच राहायचं, एकटीनं कुठे जायचं नाही. आठवड्यातला एक दिवस कपडे धुणं, साफसफाई आणि घरी लिहिणं यासाठी. पूर्वी घरी फोन वर्षातून दोनदाच करता यायचा, नाताळला आणि मातृदिनाला. १५ फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला बोलायची मुभा मिळाली. माझी ताई जुन्या नियमात गेली होती, मी नव्या. तिच्याकडे पत्रांचा एक खोका भरून आहे, ती अजून काढून वाचते. माझे फोन मात्र हवेत विरून गेले. म्हणून म्हणते, व्हिडिओ कॉल करा, पण हातानं लिहिलेलंही काहीतरी पाठवा.

अजून एक. फोनवर "कधी येतेस, फार आठवण येते" असं माझा धाकटा भाऊ दर वेळी रडून म्हणायचा. प्रेमच ते. पण पुढचे दोन दिवस माझं कशातच लक्ष लागायचं नाही. बाबांनी त्याला समजावलं, आणि मग तो मला त्याच्या शाळेतल्या गमती सांगायला लागला.

टपालवाला

पार्सलबद्दल थोडक्यात. आधी त्यांना विचारा. काही देशांत सोडवून घेण्याचं शुल्क वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त पडतं. सुटी लिथियम बॅटरी किंवा पॉवर बँक टपालानं पाठवू नका, घेत नाहीत. कुणी प्रवासाला निघालं असेल तर पॉवर बँक हातातल्या सामानात द्या. औषधं पाठवायची असतील तर तिथला नियम आधी पाहा, सोबत डॉक्टरची चिठ्ठी हवी. यादीवर "भेटवस्तू" एवढंच लिहू नका, वस्तूंची नावं आणि खरी किंमत लिहा. मुलांसाठी मराठी पुस्तकं जरूर पाठवा.

नाव_नको

काही ठिकाणी आमचं काम उघड सांगता येत नाही. तिथे असलेल्यांना ईमेलमध्ये मिशनरी, बाप्तिस्मा असले शब्द लिहू नका, फोटो फेसबुकवर टाकू नका, मंडळीच्या छापील पत्रकात देशाचं नाव देऊ नका. त्रास आम्हाला कमी आणि आमच्याकडे येणाऱ्या स्थानिक माणसांना जास्त होतो. काय लिहायचं नाही, हे जाण्याआधीच ठरवून घ्या.

दोन_पासपोर्ट

मी अशा घरात वाढलेला मुलगा, आता पस्तिशीचा. आमच्यासारख्यांना 'थर्ड कल्चर किड्स' म्हणतात. रूथ युसीम या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९५०च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करताना ही संज्ञा वापरली. आईवडिलांची संस्कृती पहिली, जिथे राहतो ती दुसरी, आणि त्या दोन्हींच्या मध्ये आम्ही जगतो ती तिसरी.

सुट्टीवर 'घरी' यायचो तेव्हा मला उपासनेत पुढे उभं करून तिकडच्या भाषेत गाणं म्हणायला लावायचे. सगळ्यांना कौतुक वाटायचं. मला मात्र तिथल्या मित्रांची आठवण येऊन रडू यायचं, आणि रडलो की लोक म्हणायचे, "बघा, आता घरी आल्यावर बरं वाटतंय त्याला." मला घर सोडून आल्यासारखं वाटत होतं.

संडे स्कूलच्या एका बाईंनी मात्र मला विचारलं, "तुझ्या तिकडच्या सगळ्यात जवळच्या मित्राचं नाव काय?" आणि मग मी परत गेल्यावर त्या त्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करत होत्या. पुढच्या सुट्टीत आलो तर त्यांना ते नाव पाठ! त्या बाई आता नाहीत. मी विश्वासात टिकलो त्यात त्यांचा वाटा आहे.

सांजदिवा, त्या दोन मुलांना त्यांच्या मित्रांची नावं विचारा.

परतलेली

परत आल्यावरचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आम्हाला वाटलं होतं, परत येणं सोपं असेल. "कसं होतं तिकडे?" असं सगळे विचारायचे, आणि दुसऱ्या वाक्याला त्यांची नजर दुसरीकडे जायची. ओळखीच्या बाकावर दुसरं कुटुंब बसत होतं. मुलांना लिफ्टची भीती वाटायची. वीस मिनिटांचं सादरीकरण झालं आणि आमचं प्रकरण संपलं. प्रेषितांच्या कृत्यांत चौदाव्या अध्यायाच्या शेवटी पौल आणि बर्णबा अंत्युखियाला परत येतात, मंडळीला जमवून सगळं सांगतात, आणि तिथे शिष्यांबरोबर बरेच दिवस राहतात. ते "बरेच दिवस" आम्हाला मिळाले नाहीत. पहिले तीन महिने कुठलीही सभा न ठेवता नुसतं राहू द्या, एवढंच मागणं होतं.

सांजदिवा

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

ताईच्या आईकडे दोनदा जाऊन आले. त्यांचा आवाज रेकॉर्ड करून नातवंडांना पाठवायला शिकवलं. हिशेबनीस दादांनी सुचवलेली तिकिटाची रक्कम आमच्या समितीनं मान्य केली. वार्षिक अहवालाचा नमुना बदलायचा की नाही यावर बरीच चर्चा झाली, एकमत झालेलं नाही. ती पुढच्या बैठकीत.

ताईला तिच्या एकटीच्या नावानं पत्र लिहिलं. वर "उत्तराची घाई नको" असं लिहिलं (दूरगावची ताई, तुमच्या काकूंची ओळ वापरली). आत सगळं साधंच लिहिलं. वाऱ्यानं वेदीजवळच्या खिडकीची काच फुटली, तिथे तात्पुरता पुठ्ठा लावलाय आणि प्रवचनाच्या वेळी तो फडफडतो. तिची पेटी आता एक नववीतली मुलगी वाजवते, अजून चुकते. मुलांना त्यांच्या मित्रांची नावं विचारली.

उत्तर तिसऱ्या दिवशी आलं, अकरा पानी. मोठ्यानं चार नावं लिहून पाठवलीत, धाकटीनं एका मांजराचं नाव. ताईनं काय लिहिलंय ते इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. शेवटच्या ओळीत तिनं विचारलंय, काच बसवली का?

अजून बसवलेली नाही. आज संध्याकाळी त्या पुठ्ठ्याचा फोटो काढून पाठवते.